बारापैकी नऊ

प्रिय खारूताई,

माझ्या अक्षरातलं पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा पूर्वीसारखाच कुरकुरतो आणि ती पूर्वीसारखंच कुणाचं ऐकत नाही. मीही धडधाकट आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर मी किती बोलतो ते तू जाणतेस. "बरी आहेस ना? जेवलीस ना? थांब, आईला देतो." तीन वर्षं आपलं बोलणं एवढ्यावरच चाललंय. जे सांगायचं आहे ते या तीन वाक्यांच्या मध्ये कुठे मावत नाही, म्हणून कागद घेतला. दुकान आज बंद आहे. आई कामाला गेली आहे. खिडकीपाशी बसलोय, आणि दोनदा उठून उगाच पाणी पिऊन आलोय.

आधी दुकानाची बातमी. शेजारचा किल्लीवाला गेला, त्याच्या जागी एक बाई बुटांची दुरुस्ती करते. हातोडीचा तिचा ठोका इतका नियमित असतो की मी तारा जुळवायला लागलो की ती आपणहून थांबते. मोठं ड्रिल मशीन शेवटी बदललं. जुनं भंगारात द्यायच्या आधी, तू तीन वेळा शिवलेला त्याचा पट्टा मात्र काढून ठेवलाय. का ते विचारू नकोस. टेबलाच्या तुझ्या बाजूला मी रिकाम्या खोक्यांची थप्पी लावतो, आणि दर रविवारी आई ती उचलून दुसरीकडे ठेवते. सोमवारी मी ती पुन्हा लावतो.

आता मुद्द्यावर येतो. म्हणजे येण्याचा प्रयत्न करतो.

तुला आठवतं, गिऱ्हाईक आलं की मी कसं व्याख्यान द्यायचो? तू मागे उभी राहून ओठ हलवायचीस, माझी वाक्यं तुला इतकी पाठ होती. ब्रिज म्हणजे तारांचा खालचा मुक्काम, तो पक्का तर गिटार पक्की. माझा ब्रिज म्हणजे पोलादाचा सपाट पाट, लाकडाला घट्ट आवळलेला, तारा गिटारच्या पाठीतून ओवून वर काढलेल्या. एक तार तुटली तर एकच तुटली, बाकीच्या पाच जागच्या हलायच्या नाहीत. आणि हलता ब्रिज? पाठीत खड्डा, खड्ड्यात स्प्रिंगा, बाजूला दांडी. दांडी दाबली की सूर खाली झुकतात, सोडली की परत येतात, आले तर! पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात, आणि ही रस्सीखेच बरोबरीत असेल तोवरच गाणं. भर कार्यक्रमात एक तार तुटली की स्प्रिंगांची बाजू जड होते आणि उरलेल्या पाचही तारा बेसूर चढतात. राहता राहिला तिसरा, दोन्ही टोकांना तारा शिकंज्यात पकडणारा. तो सूर सोडत नाही हे खरं, पण एक तार बदलायची तर दुपार जाते. त्याला मी तुरुंग म्हणायचो. शेवटी बोट वर करून माझं ठरलेलं वाक्य यायचं, "हलता ब्रिज सूर खातो." एकतीस वर्षं हे वाक्य मी विकलं.

तू मात्र साधा प्रश्न विचारलास. हलता ब्रिज परत जागेवर का येत नाही? मी म्हटलं, कारण त्याची जात तशी. तू म्हणालीस, "जात नाही बाबा, धार." तो ज्या दोन धारांवर झुलतो त्या झिजतात, आणि झिजलेली धार दरवेळी थोडी वेगळीकडे टेकते. मग तू मामाच्या मोडक्या गळाच्या रिळातून दोन इवलीशी बेअरिंगं काढलीस आणि धारांच्या जागी बसवलीस. खालचा ठोकळा भरीव पितळेचा केलास, कारण हलक्या ठोकळ्यात सूर टिकत नाही. आणि मागच्या खड्ड्यात एक खटक्याची कळ घातलीस, की हात टेकला किंवा तार तुटली तरी ब्रिज मधल्या जागेवरून हलू नये, फक्त दांडीनेच हलावा. या कळीवर तू दोन वर्षं घालवलीस. कामाचे तास संपले की तू कानस घेऊन बसायचीस आणि मी दिवे लवकर बंद करायचो. विजेचं निमित्त करायचो, पण विजेचा काही संबंध नव्हता.

एकदा गिऱ्हाइकासमोर मी म्हणालो, "आमच्याकडे खेळणीही बनतात." ते गिऱ्हाईक हसलं. संध्याकाळी एवढंच म्हणालीस, "बाबा, एकदा ऐकून तरी बघा." मी तोऱ्यात म्हणालो, "ऐकायचं काय त्यात? डोळे झाकून ओळखेन." तुझी आई नुकतीच चष्म्याच्या दुकानातून आली होती, पिशवीही खांद्यावरून उतरवली नव्हती. तिने ती टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "झाका मग."

दिवसभर लोकांना भिंगं बदलून "आता स्पष्ट दिसतंय की आधी दिसत होतं?" असं विचारणाऱ्या बाईच्या नादी लागू नये हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळायला हवं होतं. तिने सगळं हातात घेतलं. एकाच फळीतून कापलेल्या आपल्या दोन गिटारी, आवाज टिपणारे एकसारखे पिकअप, एकाच खोक्यातल्या तारा. एकीवर माझा पाट, दुसरीवर तुझा ब्रिज. दुकानाच्या मधोमध निळ्या पट्ट्यांची चादर टांगली. मागे वाजवायला आपला उंट, तोच तो लांब मानेचा गिटारवाला. तो त्या दिवशी त्याच्या खुंट्या दुरुस्त करून घ्यायला आला होता आणि आयता सापडला. त्याला कुणी काही सांगितलं नाही. दोन्ही गिटारी दुकानाच्या, म्हणजे माझ्याच, असं तो धरून चालला. तुला आईने बाहेर पायरीवर बसवलं, कारण "तुझा चेहरा बोलतो." उंट प्रत्येक सुरावट दोन्ही गिटारींवर एकेकदा वाजवणार, आई विचारणार, "पहिली की दुसरी?" आणि मला जी सरस वाटेल तिचा आकडा मी माझ्या कागदावर लिहिणार. असं बारा वेळा. कुठली आधी वाजली हे फक्त आईच्या वहीत.

खारूताई, चौथ्या फेरीला मला खात्री पटली होती. एका गिटारचा सूर उमटून गेल्यावरही हवेत राहत होता, घंटा वाजून गेल्यावर राहतो तसा. दुसरीचा चांगला होता, पण आखूड. मी मनात म्हटलं, हा लांब सूर माझा. का? तर तो मला आवडला म्हणून. बाकी काही पुरावा नव्हता. मी खुशीत आकडे टाकत गेलो. शेवटच्या दोन फेऱ्यांना तर डोळे मिटून डोलत होतो.

मग आईने तुला आत बोलावलं आणि वही वाचायला सुरुवात केली. मी माझ्या कागदावर खुणा करत होतो. पहिली खूण तुझी. दुसरी तुझी. तिसरी माझी. मग सलग चार तुझ्या. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. बारापैकी नऊ वेळा मी तुझा ब्रिज निवडला होता.

तुम्ही तिघं माझ्याकडे बघत होतात. उंट चादरीच्या वरून डोकं काढून उभा होता. तुझ्या बाहीला पितळेचा कीस चिकटला होता. मी कागदाची घडी घातली, खिशात टाकली आणि म्हणालो, "बारापैकी नऊ. माझा पाट."

आकडा मी खरा सांगितला. नाव तेवढं बदललं.

तू कागद मागितला असतास तर? या प्रश्नाने मी तीन वर्षं स्वतःची सुटका करून घ्यायला बघतोय. तू मागितला असतास तर मी दिला असता, मग हे सगळं झालंच नसतं, म्हणजे थोडी चूक तुझीही, अशी माझी वकिली. पण तू कागद मागितला नाहीस, कारण बाप आकड्यात खोटं बोलेल हे तुझ्या मनातही आलं नाही. तू म्हणालीस, "बरं बाबा. मग राहू दे." तुझा ब्रिज काढलास, फडक्यात गुंडाळलास, वरच्या फळीवर ठेवलास आणि हात धुवून आईला स्वयंपाकात मदत करायला गेलीस. मला वाटलं होतं, उद्या सांगेन. पण रविवारी जे जमलं नाही ते सोमवारी आणखी अवघड झालं, आणि पुढचे वार तर विचारूच नकोस. दोन महिन्यांनी तू दवाखान्यांच्या पलंगांच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात गेलीस. चांगली नोकरी लागली म्हणून गेली, असं आम्ही लोकांना सांगितलं. आम्ही दोघं एकमेकांनाही तेच सांगत होतो.

तू गेल्यावर चौथ्या महिन्यात उंट आला. त्याच्या जुन्या हलत्या ब्रिजने भर कार्यक्रमात दगा दिला होता. तार तुटली आणि बाकीच्या पाच जणींनी बंड केलं. तो म्हणाला, "काका, त्या दिवशी चादरीमागे दोन गिटारी होत्या ना, त्यातला हलणारा ब्रिज मला बसवून द्या. तुम्ही काहीही म्हणा, हातात काय होतं ते मला माहीत आहे." मी "बघू" म्हणालो. तुझ्या आईने ते ऐकलं आणि आतून म्हणाली, "घ्या, उंटाला घोडी पसंत पडली." तिच्या मते ब्रिजला साधा शब्द घोडी हाच आहे आणि आपण उगाच भाव खातो.

फळीवरचा ब्रिज मी त्याच्या गिटारवर बसवला. उत्तम चालला. मग त्याच्या ओळखीची एक बाई आली, मग तिचा सहकारी. तेव्हा तुझी चित्रांची वही काढली आणि दुसरा ब्रिज स्वतःच्या हातांनी बनवायला घेतला. मला वाटलं होतं, दोन दिवसांचं काम. तीन आठवडे लागले. तेव्हा कुठे कळलं की तू कुठे कुठे डोकं चालवलं होतंस. तळहाताची कड कापू नये म्हणून प्रत्येक कोपरा गोल केलेला. सगळे स्क्रू एकाच मापाचे, म्हणजे वाजवणाऱ्याला खिशात एकच चावी पुरावी. मी एकतीस वर्षांत तीन मापांचे स्क्रू वापरत आलो आणि त्याला परंपरा म्हणत आलो.

दोष सांगायला मात्र मला लाज वाटत नाही. तुझ्या कळीचं टोक पितळेचं आहे, ते वर्षभरात झिजतं आणि मधली जागा केसभर सरकते. मी आता तिथे पोलादी टोक घालतो, वर नायलॉनची टोपी. गिटारचा आवाज मोठा केला की स्प्रिंगा गुणगुणतात, म्हणून त्यांच्या पोटात नमद्याचे तुकडे भरतो. याहून बरा उपाय तुला सुचेल. आणि एक माझ्या बाजूने: जो माणूस नुसता ताल धरून वाजवतो, दांडीला कधी हात लावत नाही, त्याला मी अजूनही माझा पाटच देईन. त्याला तुझी कळ म्हणजे घरात नको असलेला पाहुणा. हे मी हट्टाने म्हणत नाही. हेही गेल्या आठवड्यात पुन्हा चादर टांगून ऐकून बघितलंय, आणि या वेळी कागद आईच्या हातात होता.

तर असे अकरा ब्रिज झाले. लोक त्याला "काकांचा ब्रिज" म्हणायला लागले. मी बनवला असं मी एकदाही म्हणालो नाही. मी बनवला नाही असंही एकदा म्हणालो नाही. कुणी वाखाणलं की चष्मा पुसत बसायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

दोन आठवड्यांपूर्वी उंटाचा मोठा कार्यक्रम झाला. दुपारचा होता, आम्हा दोघांना पुढच्या रांगेतल्या खुर्च्या दिल्या होत्या. मध्येच त्याने वाजवणं थांबवलं, गिटार उंच धरली आणि म्हणाला, "हिची तार मघाशी तुटली, तुमच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. ते ज्यांच्यामुळे, ते काका समोर बसलेत." सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. आणि मी काय केलं असेल? उठलो. मागे वळलो. मान लववली. इतकंच नाही, हातही हलवला. बसताना बघितलं तर तुझ्या आईचे हात मांडीवर होते.

घरी चालत आलो. ती गुडघ्यामुळे हळू चालते, म्हणून मीही. फळवाल्याच्या कोपऱ्यावर ती पिशवी सावरायला थांबली. मग अगदी सहज, दुकानात भिंग बदलावं तशा आवाजात म्हणाली, "टाळ्या छान होत्या. कुणाच्या होत्या?"

मी म्हटलं, "म्हणजे?" तिने पिशवीतून चष्म्याचं जुनं घर काढलं आणि त्यातून घडी घातलेला कागद. माझाच. शर्ट धुवायला टाकताना मी खिसा बघितला नव्हता, आणि नंतर कागद पाण्यात विरघळला असेल असं धरून निश्चिंत झालो होतो. ती मात्र खिसे तपासल्याशिवाय शर्ट भिजवत नाही, हे चौतीस वर्षांत लक्षात ठेवायला हवं होतं. म्हणजे तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. मला राग आला, खोटं कशाला बोलू. रस्त्यातच म्हणालो, "मग तू पोरीला सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "मी सांगितलं असतं तर तिला नुसतं कळलं असतं. तुम्ही सांगायला हवं होतं. मी वाट बघत होते." थोडं चालून पुन्हा म्हणाली, "चुकलंच माझं. इतकी वाट बघायला नको होती." आणि खारूताई, ती रडली. भर रस्त्यात, पिशवी छातीशी धरून. मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंटाच्या घरी गेलो. तो दाढी करत होता, अर्ध्या गालावर फेस. मी दारातच सगळं सांगून टाकलं, चादर, बारा फेऱ्या, नऊ खुणा, सगळं. तो फेस तसाच ठेवून ऐकत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "म्हणजे काल मी आभार चुकीच्या माणसाचे मानले." मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "बसा, काका," आणि आत जाऊन तोंड धुवून आला. माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली, पण स्वतः उभाच राहिला. ते बरोबरच होतं.

त्यानंतर उरलेल्या दहापैकी सात जणांना गाठून सांगितलं. तिघांचे पत्ते शोधतोय. दुकानात भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावलंय, की हलता ब्रिज माझ्या मुलीने बनवला आहे. लोक वाचतात आणि विचारतात, मग मी सांगतो. काल एक गिऱ्हाईक म्हणालं, "नऊ विरुद्ध तीन, म्हणजे काका तुम्ही हरलात की!" मी म्हटलं, "सपाटून." आणि त्याच्या गिटारचा कान पिळायला घेतला. आता "हलता ब्रिज सूर खातो" हे वाक्य तोंडात येतं, पण मी ते गिळतो. शेजारची बुटांवाली म्हणते, तुमचं व्याख्यान अलीकडे लवकर संपतं.

हे पत्र मी आजच लिहायला बसलो याचं कारण सांगतो. उंटाने तुझा पत्ता मागितला आणि मी दिला. येत्या शनिवारी तो गिटार घेऊन तुझ्याकडे येतोय. सात तारांच्या गिटारसाठी ब्रिज कसा करायचा हे त्याला बनवणारीशीच बोलायचंय, आणि त्याआधी आभार मानायचेत. तुला सगळं ठाऊक आहे असं समजून तो दारात उभा राहील आणि बोलायला लागेल. तुझं हक्काचं असलेलं जे मी दाबून ठेवलं, ते तुला परक्या माणसाकडून, उंबऱ्यावर, कळू नये. ते माझ्याकडून कळायला हवं, चार दिवस आधी, तू एकटी असताना, म्हणजे तुला हवं तेवढं रागावता येईल आणि शनिवारी त्याच्यासमोर चेहरा सांभाळावा लागणार नाही. परत ये असं मी म्हणत नाही, ते म्हणायचा हक्क मला नाही. ब्रिज तुझा आहे. बनवायचा, द्यायचा की फळीवर ठेवायचा ते तूच ठरव. त्या रविवारी म्हणायचं राहिलेलं वाक्य तेवढं आज इथे लिहितो. पोरी, तुझा सरस होता, मला ऐकू आलं होतं.

तुझाच,
बाबा